भिंत एकाची, चित्र दुसऱ्याचे

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर फोकस्टन नावाचे एक लहानसे शहर आहे. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये, तिथे दर तीन वर्षांनी भरणारे कलाप्रदर्शन चालू असताना, नाणी टाकून खेळायच्या यंत्रांच्या एका दुकानाच्या भिंतीवर रातोरात एक चित्र आले. चित्रात एक वयस्क बाई कानाला हेडफोन लावून एका रिकाम्या चौथऱ्याकडे पाहत उभी होती. संग्रहालयात ध्वनिफीत ऐकत फिरणाऱ्या रसिकांची ही थट्टा होती हे उघड होते. चित्र आपलेच आहे असे बँक्सी या निनावी ब्रिटिश चित्रकाराने जाहीर केले आणि त्या भिंतीसमोर गर्दी जमू लागली. दोनच महिन्यांत दुकान चालवणाऱ्या भाडेकरूंनी तो भिंतीचा तुकडा कापून काढला आणि विक्रीसाठी अमेरिकेत मायामीला पाठवून दिला. तिथे तो विकला गेला नाही. दरम्यान इमारतीच्या मालकाने आपला हक्क स्थानिक कलासंस्थेच्या नावे करून दिला, आणि ती संस्था न्यायालयात गेली.

भाडेकरूंचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. भाडेकरारानुसार भिंत सुस्थितीत ठेवणे ही आमची जबाबदारी आहे, ग्राफिटी हे भिंतीचे विद्रूपीकरण आहे, सबब ते काढणे हे आमचे कर्तव्यच होते, आणि काढलेला भाग आमचा झाला, असा त्यांचा युक्तिवाद होता. सप्टेंबर २०१५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने तो फेटाळला. भिंत दुरुस्त करायची तर वरून रंग मारूनही भागले असते, त्यासाठी भिंत कापायची गरज नव्हती. आणि कापावीच लागली असे घटकाभर मानले, तरी इमारतीतून निघालेला भाग मूळ मालकाचाच राहतो, मग त्याची किंमत चित्रामुळे कितीही वाढलेली असो. तुकडा फोकस्टनला परत आला.

या खटल्यात चित्रकार पक्षकार नव्हता. वाद चालला तो विटा आणि गिलावा यांच्या मालकीवर, आणि रस्त्यावरच्या कलेविषयीचे बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतात. कॅनव्हासवरच्या चित्राच्या बाबतीत कापड, प्रतिमा आणि चित्रकाराचे नाव या तिन्ही गोष्टी सुरुवातीला एकाच माणसाच्या हातात असतात आणि तो त्या एकेक करून विकतो किंवा राखून ठेवतो. भिंतीवरच्या चित्रात मात्र त्या पहिल्या क्षणापासून वेगळ्या हातांत असतात. वीट घरमालकाची असते. प्रतिमा, म्हणजे ती रेषा, ते रंग, ती मांडणी, ही काढणाऱ्याची असते आणि तिच्यावर कॉपीराइट लागू होऊ शकतो. तिसरी गोष्ट म्हणजे चित्रकाराचे नाव आणि लौकिक. आपल्या कामाची मोडतोड करून ते आपल्या नावावर खपवले जाऊ नये, एवढा हक्क त्याच्याकडे राहतो आणि कायद्याच्या भाषेत त्याला नैतिक हक्क म्हणतात. चित्र रस्त्यावर आहे तोवर या तिघांत फारसे भांडण होत नाही, कारण त्यात पैसा नसतो. गॅलरी किंवा लिलावगृह मध्ये आले की तिन्ही हक्कांचे धनी एकमेकांसमोर उभे राहतात.

गॅलरी मध्ये आली कशी, हे समजण्यासाठी सत्तरच्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये जावे लागते. त्याआधी फिलाडेल्फियातली काही मुले भिंतींवर आपली टोपणनावे लिहीत होती, पण या प्रकाराचा गाजावाजा झाला तो न्यूयॉर्कमध्ये. जुलै १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ‘टाकी १८३’ ही सही शहरभर करत फिरणाऱ्या एका तरुणावर बातमी छापली. १८३ हा त्याच्या घराच्या रस्त्याचा क्रमांक होता. बातमी वाचून शेकडो मुलांनी तेच सुरू केले. नुसत्या सहीला टॅग म्हणतात; झटपट दोन रंगांत काढलेल्या फुगीर अक्षरांना थ्रो-अप आणि वेळ काढून, अनेक रंगांत, सावल्यांसह केलेल्या मोठ्या कामाला पीस. हा चढता क्रम लिहिणाऱ्यांचा स्वतःचा आहे आणि त्यांच्यात तो फार काटेकोरपणे पाळला जातो. दुसऱ्याच्या पीसवर साधा टॅग मारणे हा उघड अपमान समजतात. बाहेरच्याला जो नुसता गिचमिड गोंधळ वाटतो, त्यात मान, अधिकार आणि कौशल्य यांची अशी पक्की उतरंड असते. भुयारी रेल्वेचे डबे हे या सगळ्यांचे सर्वांत आवडते ठिकाण होते, कारण एकदा रंगवलेला डबा अख्ख्या शहरभर फिरे. रेल्वे प्रशासनाने मग रंगवलेला डबा स्वच्छ होईपर्यंत रुळांवर सोडायचाच नाही असे धोरण धरले आणि मे १९८९ मध्ये ग्राफिटी असलेली शेवटची गाडी सेवेतून काढून घेतली.

या वर्षांत दोन गोष्टी एकाच वेळी चालू होत्या. महापालिका हे गुन्हे म्हणून पुसत होती आणि गॅलऱ्या तेच हात कॅनव्हासकडे वळवत होत्या. १९७३ मध्येच तिथल्या एका गॅलरीत रेल्वेचे डबे रंगवणाऱ्या मुलांची कॅनव्हासवरची कामे मांडली गेली होती. १९८१ मध्ये फन गॅलरी निघाली आणि १९८३ मध्ये सिडनी जॅनिस यांच्या प्रतिष्ठित गॅलरीने ‘पोस्ट-ग्राफिटी’ नावाचे प्रदर्शन भरवले. कीथ हॅरिंग भुयारी स्थानकांतल्या रिकाम्या जाहिरातफलकांवर लावलेल्या काळ्या कागदावर पांढऱ्या खडूने झपाझप चित्रे काढत असे आणि त्यासाठी त्याला पोलिसांनी पकडलेही. ज्याँ-मिशेल बास्किया मित्रासोबत ‘सेमो’ या नावाने मॅनहॅटनच्या भिंतींवर कोड्यात टाकणारी वाक्ये लिहीत असे. १९८८ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी तो वारला. त्याने १९८२ मध्ये रंगवलेला एक कॅनव्हास २०१७ मध्ये लिलावात ११ कोटी ५ लाख डॉलरला गेला.

या उदाहरणांवरून रस्त्यावरची कला गॅलरीत गेली असे सर्रास लिहिले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. हॅरिंग आणि बास्किया यांच्या बाबतीत माणूस गॅलरीत गेला; भिंतीवरचे काम जिथे होते तिथेच राहिले, पुसले गेले किंवा झिजले. गॅलरीसाठी त्यांनी नवे काम केले, त्यावर सही केली आणि ते विकले. यात कोणाची फसवणूक नाही. फोकस्टनमध्ये घडले ते याच्या नेमके उलट, म्हणजे माणूस बाहेर आणि भिंत आत. मला दुसऱ्या प्रकाराबद्दल बरीच शंका आहे आणि ती केवळ भावनिक नाही.

भिंतीचा तुकडा काढतात तरी कसा, ते पाहावे. चित्राचा पृष्ठभाग आधी रसायनाने घट्ट केला जातो आणि वरून झाकला जातो, जेणेकरून कापताना गिलाव्याचे पोपडे सुटू नयेत. मग हिऱ्याच्या पात्याच्या करवतीने चारही बाजूंनी खोल चिरा पाडतात, मागून वीटकामाला पोलादी चौकटीचा आधार देतात आणि क्रेनने किंवा लिफ्टने तो ठोकळा बाहेर घेतात. वजन शेकडो किलोंत जाते. मागे भगदाड उरते, ते बुजवावे लागते. इटलीत जुनी भित्तिचित्रे वाचवण्यासाठी स्त्रापो नावाची आणखी एक पद्धत शतकानुशतके वापरली गेली आहे. तिच्यात चित्रावर सरसाने कापड चिकटवतात आणि ते वाळले की रंगाच्या पापुद्र्यासह ओढून काढतात. पडायला आलेल्या जुन्या चर्चमधले चित्र वाचवायला ही पद्धत योग्यच आहे. धडधाकट भिंतीवरचे, दोन वर्षांपूर्वीचे आणि चित्रकाराने जाणूनबुजून त्या जागेसाठी काढलेले चित्र असे उचलले, तर वाचते काय आणि जाते काय, याचा हिशेब करावा लागतो.

२०१२ च्या मे महिन्यात, राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव तोंडावर आला असताना, उत्तर लंडनमधील वुड ग्रीन भागात एका स्वस्त वस्तूंच्या दुकानाच्या भिंतीवर बँक्सीने एक मुलगा काढला. तो गुडघ्यांवर बसून शिवणयंत्रावर ब्रिटिश झेंड्यांची तोरणे शिवत होता. स्वस्त तोरणे विकणाऱ्या दुकानाची भिंत, समोरून खरेदी करून जाणारे लोक आणि महोत्सवाचा मुहूर्त हे सगळे त्या चित्राचाच भाग होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये भिंतीचा तो तुकडा नाहीसा झाला आणि मायामीच्या एका लिलावाच्या यादीत प्रकटला. रहिवाशांनी आरडाओरडा केल्यावर तो यादीतून काढला गेला, पण त्याच वर्षी जूनमध्ये लंडनमध्येच साडेसात लाख पौंडांहून अधिक किमतीला विकला गेल्याच्या बातम्या आल्या. विकत घेणाऱ्याला शिवणयंत्रावरचा मुलगा मिळाला. दुकान, रस्ता आणि मुहूर्त मिळाला नाही.

बँक्सीच्या बाजूने पेस्ट कंट्रोल ही संस्था २००८ पासून त्याच्या कामांची सत्यता तपासते. तिचे प्रमाणपत्र नसेल तर मोठी लिलावगृहे सहसा त्या कामाला हात लावत नाहीत आणि भिंतींवरून कापून आणलेल्या कामांना ती प्रमाणपत्र देत नाही. म्हणजे वीट ताब्यात असली तरी नावाचा हक्क चित्रकाराने आपल्याकडे ठेवला आहे. ‘गर्ल विथ बलून’ची गोष्टही याच पठडीतली आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये सदबीज या लिलावगृहात त्या चित्राची प्रत सुमारे १० लाख ४० हजार पौंडांना विकली गेली आणि हातोडा पडताच चौकटीत दडवलेल्या यंत्राने ती अर्धी कातरली. बाजाराची फजिती करण्याचा बेत असावा; बाजाराने मात्र तीच फजिती नव्या नावाने विकायला काढली आणि २०२१ मध्ये त्या कातरलेल्या चित्राला सुमारे १ कोटी ८६ लाख पौंड मिळाले.

इटलीतील ब्लू या चित्रकाराने याहून कठोर मार्ग घेतला. २०१६ च्या मार्चमध्ये बोलोन्या शहरात रस्त्यावरच्या कलेचे मोठे प्रदर्शन भरायचे होते आणि त्यासाठी काही भिंतींवरची चित्रे, त्याची स्वतःचीही, उतरवून आणली होती. त्याला विचारलेले नव्हते. त्याने मित्रांना बरोबर घेऊन त्या शहरात वीस वर्षांत काढलेली आपली उरलेली सगळी भित्तिचित्रे राखाडी रंगाने पुसून टाकली. प्रतिमा आपली आहे आणि ती कुठे असावी हे आपण ठरवू, हे त्याने कायद्याकडे न जाता, रंगाचा रोलर हातात घेऊन सांगितले. आपल्याच कामाचे नुकसान करून घेण्याचा हा मार्ग मला पूर्ण पटत नाही, कारण त्या भिंतींसमोर राहणाऱ्यांचेही त्यात काही गेले. पण त्याला दुसरा कोणता मार्ग उरला होता, हेही सांगता येत नाही.

कायद्याकडे गेल्यावर काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण पुन्हा न्यूयॉर्कचे आहे. क्वीन्स भागात फाइव्ह पॉइंट्झ नावाचा जुन्या कारखान्याच्या इमारतींचा समूह होता. जेरी वोल्कॉफ या मालकाने तिथे रंगवायची परवानगी दिली होती आणि २००२ पासून मेरेस वन या नावाने काम करणारा चित्रकार तिथली व्यवस्था पाहत असे. कोणाला कोणती भिंत द्यायची, कोणते काम काही दिवसांत पुसून दुसऱ्याला जागा करून द्यायची आणि कोणते वर्षानुवर्षे राखायचे, हे तो ठरवी. जगभरातून चित्रकार येत आणि शेजारून जाणाऱ्या मेट्रोतून हजारो लोकांना ती चित्रे दिसत. जागेचे भाव वाढले, मालकाने तिथे निवासी मनोरे बांधायचे ठरवले, आणि चित्रकार न्यायालयात गेले. पाडकाम थांबवण्याचा त्यांचा अर्ज नामंजूर झाला. तरीही न्यायाधीशांचा सविस्तर निकाल येण्याआधीच, नोव्हेंबर २०१३ मधल्या एका रात्रीत मालकाने माणसे लावून भिंतींवर पांढरा रंग फासला. पाडकाम त्यानंतर कित्येक महिन्यांनी झाले.

अमेरिकेत १९९० चा एक कायदा चित्रकाराला त्याचे ‘मान्यताप्राप्त दर्जाचे’ काम नष्ट होण्यापासून संरक्षण देतो. इमारतीवरचे चित्र उतरवता येण्यासारखे असेल तर मालकाने चित्रकाराला लेखी सूचना देऊन ९० दिवसांची मुदत द्यावी, असेही त्यात आहे. भिंतीवरच्या स्प्रेच्या कामाला दर्जा असतो का, यावर खटला चालला. चित्रकारांनी कात्रणे, छायाचित्रे आणि तज्ज्ञांच्या साक्षी सादर केल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायाधीश फ्रेडरिक ब्लॉक यांनी २१ चित्रकारांच्या ४५ कामांना तो दर्जा मान्य केला आणि प्रत्येक कामामागे कायद्यातली कमाल रक्कम, म्हणजे दीड लाख डॉलर, अशी एकूण ६७ लाख ५० हजार डॉलरची भरपाई दिली. चित्रांची बाजारातली किंमत सिद्ध झाली नव्हती. दंड एवढा मोठा झाला तो मालकाच्या वागण्यामुळे. परवाने हातात येईपर्यंत थांबून इमारत पाडली असती तर त्याने हे हेतुपुरस्सर केले असे आपण म्हटले नसते, असे न्यायाधीशांनी निकालात स्पष्ट म्हटले आहे. २०२० मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल कायम ठेवला आणि सर्वोच्च न्यायालयाने मालकाचे अपील ऐकण्यास नकार दिला. या निकालाचा पाया परवानगी हा होता, हे मात्र विसरता कामा नये. न विचारता काढलेल्या चित्राला एवढे संरक्षण मिळेल का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

२०१८ मध्ये त्या प्रश्नाला तोंड फुटता फुटता राहिले. एचअँडएम या कपड्यांच्या कंपनीच्या जाहिरातीत ब्रुकलिनमधल्या खेळाच्या मैदानाची भिंत दिसत होती आणि तिच्यावर रेव्होक या चित्रकाराचे काम होते. त्याने हरकत घेताच कंपनी न्यायालयात गेली: हे काम बेकायदा आहे, म्हणून त्याला कॉपीराइट नाही, असे तिचे म्हणणे होते. चित्रकारांनी बहिष्काराची हाक दिली आणि कंपनीने दावा मागे घेतला.

आपल्याकडे चित्र वेगळे आहे. भारतातल्या मोठ्या भिंती बहुतेक परवानगीनेच रंगल्या आहेत. मुंबईत २००९ मध्ये महापालिकेने तुळशी पाइप रोडलगतची रेल्वेची लांबलचक भिंत रंगवायला नागरिकांना बोलावले आणि शेकडो हौशी लोक रंगाचे डबे घेऊन गेले. २०१४ मध्ये रणजित दहिया यांनी वांद्र्याच्या एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके रंगवले, ते सी लिंककडे जाताना दुरून दिसतात. २०१७ च्या हिवाळ्यात ससून डॉकमध्ये स्टार्ट इंडिया या संस्थेने मासळीच्या गोद्यांतच प्रदर्शन भरवले आणि कोळी बांधवांचे मोठे चेहरे त्या भिंतींवर लागले. प्रदर्शन बंदरात आले, बंदर कुलाब्याच्या कलादालनात गेले नाही, हे मला त्यातले सर्वांत शहाणपणाचे वाटते. परवानगी नसेल तर मात्र महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्धचा १९९५ चा कायदा लागू होतो, आणि निवडणुकीआधी भिंती अडवून ठेवणारे पक्ष जसे त्याच्या कक्षेत येतात तसाच स्प्रेचा डबा घेतलेला मुलगाही येतो.

नैतिक हक्काच्या बाबतीत आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा पुरेसा भक्कम आहे. त्याच्या कलम ५७ नुसार चित्रकाराने कॉपीराइट विकला तरी कामाची आपल्या लौकिकाला बाधक अशी मोडतोड रोखण्याचा हक्क त्याच्याकडे राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनात घडवलेले कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये दुरुस्तीच्या निमित्ताने उतरवून गोदामात टाकले गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने काम नष्ट करणे हे मोडतोडीचेच टोक मानले, पाच लाख रुपयांची भरपाई दिली आणि उरलेले अवशेष शिल्पकाराला परत करायला लावले. पुढे २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने प्रगती मैदानातील हॉल ऑफ नेशन्स पाडल्याबद्दल त्याचे वास्तुरचनाकार राज रेवाल यांनी केलेला दावा फेटाळला. इमारत पूर्ण पाडल्यावर लौकिकाला बाधा आणणारे असे काही शिल्लकच राहत नाही आणि जमीनमालकाचा हक्क वरचढ ठरतो, असा त्या निकालाचा सूर होता. भिंतीवरचे चित्र या दोन निकालांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळते: ते सहगल यांच्या शिल्पासारखी कलाकृती आहे, पण रेवाल यांच्या सभागृहासारखे इमारतीला जखडलेले आहे.

प्रतिमेच्या हक्कावर आपल्याकडेही वाद झाला आहे. मुंबईतल्या एका मोठ्या भित्तिचित्राचा उपयोग एका विमा कंपनीने आपल्या जाहिरातफलकात केला, तेव्हा २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण गेले. सार्वजनिक जागी कायम असलेल्या काही कलाकृतींचे छायाचित्र घेण्याची मुभा कायदा देतो. पण छायाचित्र घेणे वेगळे आणि त्यावर आपले उत्पादन विकणे वेगळे, याच मुद्द्यावर गाडी अडली आणि समाजमाध्यमांवरील जाहिराती काढायला न्यायालयाने सांगितले.

मुंबई-पुण्यातल्या ज्या गृहनिर्माण संस्था सध्या हौसेने आपली दर्शनी भिंत चित्रकाराला देत आहेत, त्यांना हे सगळे लवकरच लागू पडणार आहे, कारण यातल्या कित्येक इमारती पुनर्विकासाच्या रांगेत आहेत. सर्वसाधारण सभेचा ठराव बहुतेक संस्था करून घेतात. चित्रकाराशी मात्र तोंडी बोलून मोकळ्या होतात. चित्र किती वर्षे राहील, मधल्या काळात गळती निघाली आणि भिंतीला नवा गिलावा करावा लागला तर काय, चित्राचा फोटो विकासकाच्या माहितीपत्रकावर छापायला कोणाची परवानगी लागेल, आणि पाडकामाआधी चित्रकाराला किती दिवसांची लेखी सूचना द्यायची, एवढे एका पानावर लिहून दोघांनी सह्या केल्या तर पुढचे बरेच टळते. परांची बांधायच्या आधीच हे कागदावर यायला हवे, कारण एकदा रंग चढला आणि लोक समोर उभे राहून फोटो काढू लागले की दोन्ही बाजू अधिकाची अपेक्षा करू लागतात.